स्टीव्हियाची पूड पांढरी का होत नाही?

पत्र: ताई, आमच्या गच्चीत स्टीव्हियाच्या, म्हणजे त्या गोड पानांच्या झाडाच्या, सहा कुंड्या आहेत. ऑगस्टमध्ये पानं तोडली, पाऊस असल्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये वाळवली आणि मिक्सरमधून काढली. बाजारातल्या पुडीसारखी पांढरी पूड होईल असं वाटलं होतं, झाली ती मेंदीसारखी हिरवी. चहात घातली तर अर्धी वर तरंगते, अर्धी तळाशी बसते आणि घोट घेतला की मागून कडू लागतं. सासूबाई 71 वर्षांच्या, मधुमेह आणि रक्तदाब दोन्हींच्या गोळ्या चालू. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि कमी करायचं नाव नाही. त्यांना न सांगता साखरेऐवजी ही पूड घालू का? पांढरी कशी करायची? दिवाळीत याचे लाडू होतील का? शिवाय नणंद म्हणते की या पानांनी मूल राहत नाही, त्यामुळे धाकट्या जावेला देऊ नका. खरं का हे?
– चहाबाज सासूची सून, सांगली

प्रिय सूनबाई,

एक प्रश्न तुम्ही मधेच, ओझरता विचारलाय, पण उत्तर त्याचंच आधी द्यायला हवं. बाकीच्या बाबतीत काही चुकलं तर फार तर चहा वाया जाईल. इथे चुकलं तर सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागेल.

त्यांना न सांगता चहात ही पूड घालू नका. अगदी एका कपातसुद्धा नाही. तुमचा हेतू चांगला आहे, आणि 71 वर्षांच्या बाईशी रोज चार वेळा साखरेवरून वाद घालणं किती कंटाळवाणं असतं तेही मी जाणते. पण जरा हिशेब करा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे. चहाचा सपाट चमचा चार-पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला 32 ते 40 ग्रॅम साखर झाली. डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण ठरवलं ते ही साखर रोज पोटात जात असताना आलेले रिपोर्ट बघून. उद्या ती अचानक बंद झाली आणि गोळी तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर नको इतकी खाली येऊ शकते. गोळी ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी असेल, तर हा धोका जास्त. मग दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलणं असंबद्ध होतं.

अशा वेळी आपल्या घरांत पहिला उपाय कोणता? 'जरा गोड चहा दे गं.' सासूबाई स्वतःच कप मागतील, पितील, जिभेला गोडही लागेल. त्या गोडीने रक्तातली साखर मात्र वर येणार नाही, कारण स्टीव्हियाची गोडी ग्लुकोज म्हणून रक्तात उतरतच नाही. तुम्ही घरी नसाल तर चहा पिऊनही यांना बरं का वाटत नाही, हे कुणाला कळणारही नाही.

तेव्हा सांगून करा, आणि डॉक्टरांच्या कानावर घालून करा. घरात ग्लुकोमीटर असेल तर पहिले दोन आठवडे रीडिंग नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्या. साखरेचा डबा किंवा ग्लुकोजची पावडर सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा. वर लिहिलेली लक्षणं दिसली तर तीन चमचे खरी साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे घरातल्या मोठ्या मुलांनाही माहीत हवं. शुद्धच हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. रक्तदाबाचंही डॉक्टरांना सांगा. या पानातलं गोड द्रव्य मोठ्या मात्रेत दिल्यावर रक्तदाब उतरल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. तुम्ही कपात घालाल ती मात्रा त्या मानाने फारच लहान असेल, पण गोळ्या लिहून देणाऱ्याला ही गोष्ट माहीत असलेली बरी.

आता तुमच्या हिरव्या पुडीकडे येते.

ती पांढरी होणार नाही. मायक्रोवेव्हऐवजी सावलीत वाळवली तरी नाही, सात वेळा चाळली तरी नाही, कारण बाजारातली पांढरी पूड ही पानांची पूड नसतेच. वाळलेल्या पानात गोडी असते ती मुख्यतः दोन द्रव्यांची. एक स्टीव्हिओसाइड, साधारण 5 ते 10 टक्के, आणि दुसरं रेबॉडिओसाइड ए, 2 ते 4 टक्के. उरलेलं सगळं नुसतं पान: हरितद्रव्य, तंतू, टॅनिन आणि कडवटपणा आणणारी आणखी बरीच मंडळी. कारखान्यात पानं गरम पाण्यात भिजवून काढा काढतात, त्यातला रंग आणि गाळ खाली बसवतात, काढा रेझिनच्या नळकांड्यांतून गाळतात आणि शेवटी अल्कोहोलमध्ये गोड द्रव्याचे स्फटिक पाडतात. ते पांढरे असतात. इतकं सगळं गच्चीत होत नाही, आणि करूही नये. कुणी 'स्पिरिटमध्ये भिजवा, पांढरं निघतं' असं सांगितलं तर ऐकू नका. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट पोटात जाणं म्हणजे विषबाधा.

बाजारातल्या पुडीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण बहुधा तुम्ही तीसुद्धा कधीतरी आणाल. शुद्ध द्रव्य साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतं. चमच्याने ते मोजताच येणार नाही, कपाला मोहरीएवढं पुरेल. म्हणून पुडीत भर घालतात. ही भर डेक्स्ट्रोजची असू शकते, माल्टोडेक्स्ट्रिनची, लॅक्टोजची किंवा एरिथ्रिटॉलची. डेक्स्ट्रोज म्हणजे सरळसरळ ग्लुकोज, आणि माल्टोडेक्स्ट्रिनही रक्तातली साखर वाढवतं. एका छोट्या पुडीत ते जेमतेम ग्रॅमभर असतं हे खरं, पण बरणीतून चमचे भरभरून घेणाऱ्या सासूबाईंच्या हाती ती बरणी देण्याआधी घटकांची यादी वाचा. पुढच्या बाजूची हिरवी पानं आणि 'नैसर्गिक' वगैरे छापलेलं असतं ते नका वाचू, मागची बारीक अक्षरं वाचा.

आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2015 मध्ये परवानगी दिली ती या शुद्ध केलेल्या द्रव्याला. अमेरिकेतही 2008 पासून शुद्ध रेबॉडिओसाइड ए चालतं, पण अख्खं पान किंवा त्याचा कच्चा अर्क खाद्यपदार्थ गोड करायला तिथे चालत नाही. पान विषारी आहे असा याचा अर्थ नाही. शुद्ध द्रव्याच्या जितक्या चाचण्या झाल्या तितक्या पानाच्या झालेल्या नाहीत, एवढाच अर्थ आहे. म्हणून माझं मत असं, की घरचं पान चहापुरतं, चिमटीच्या हिशेबात वापरावं. कणकेत, भाजीत, आमटीत, सगळीकडे चमचे-चमचे घालत सुटू नये.

या झाडाचा मूळ मुलूख पॅराग्वे. तिथले ग्वारानी लोक युरोपियन तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून हे पान वापरत होते, आणि ते कशात? येर्बा मातेमध्ये. माते हे पानांचंच, कडवट, हिरवट पेय. 1899 मध्ये मोइझेस बेर्तोनी या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाची शास्त्रीय नोंद केली, 1931 मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी गोड द्रव्य वेगळं काढलं, आणि 1970 च्या दशकात जपानने ते बाजारात आणलं. पांढरी पूड हा प्रकार एवढा अलीकडचा. पान आधीपासून ओळखीचं होतं ते काढ्याच्या, उकळलेल्या पेयांच्या सोबतीला, आणि आपला आलं-गवती चहा घातलेला दुधाचा चहा त्याला मातेपेक्षाही जास्त मानवतो. दूध आणि मसाला दोन्ही त्याचा कडवटपणा झाकतात. पूड हिरवीच राहणार हे एकदा मान्य केलंत की पुढचं काम सोपं आहे.

कडू का लागली, याची तीन कारणं मला दिसतात.

पहिलं, तोडणीची वेळ. फुलं आली की पानातली गोडी उतरते. हे झाड दिवसाची लांबी बघून फुलतं. दिवस साधारण 13 तासांपेक्षा लहान असला की ते कळ्या धरतं. सांगलीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा 13 तासांच्या जेमतेम वर जातो, त्यामुळे आपल्याकडे हे झाड जवळजवळ बारमाही फुलायला बघतं आणि ऑगस्टनंतर तर आवरत नाही. तुमच्या झाडांना शेंड्याकडे बारीक पांढरी फुलं होती का ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, होती. कळी दिसली की शेंडा खुडायचा, हा आठवड्याचा नेम ठेवा. खुडल्याने झाड पसरतं, पानंही जास्त मिळतात.

दुसरं, काड्या. तुम्ही फांद्यांसकट वाटलं असेल तर पूड वाढली, गोडी नाही. काडीत गोड द्रव्य फार कमी. वाळल्यावर पानं हाताने ओरबाडून घ्या, काड्या कुंडीत आच्छादनाला टाका. पिवळी पडलेली, ठिपके आलेली खालची पानंही बाजूला काढा.

तिसरं, मायक्रोवेव्ह. त्यात पानं कडेने जळतात आणि मधे ओली राहतात. जळकी चव तिथून आली. ओली राहिलेली पूड डब्यात पुन्हा दमट होते आणि तिला गवताचा वास लागतो. हे द्रव्य स्वतः उष्णतेला घाबरत नाही, चहाच्या उकळीने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वाळण्यात फार वेळ गेला की. पान दोन-तीन दिवस दमट पडून राहिलं तर काळपटतं आणि गोडीही कमी होते.

म्हणून मुख्य तोडणी पावसाळ्यात ठेवूच नका. संक्रांतीनंतर झाडं मातीपासून चार बोटांवर छाटा, शेणखत द्या. मार्च-एप्रिलमध्ये नवी फूट जोरात येते आणि सांगलीची तेव्हाची कोरडी हवा फुकटची भट्टी असते. सकाळी दव उडाल्यावर, कळ्या उमलण्याआधी फांद्या कापा. चिखलाचे शिंतोडे असतील तर पाण्यातून भरकन काढून कापडावर टिपून घ्या, भिजत ठेवू नका. पानं सुती कापडावर एकेरी पसरा आणि पंख्याखाली किंवा कोवळ्या उन्हात, वरून पातळ ओढणी टाकून वाळवा. एप्रिलमध्ये एक-दीड दिवसात होतात. मुठीत धरून दाबली की कुरकुर आवाज करत चुरा झाला पाहिजे, नुसती वाकत असतील तर अजून ओल आहे. पावसाळ्यात तोडणी करावीच लागली तर ओटीजीमध्ये 50-60 अंशांवर, दार जरा किलकिलं ठेवून वाळवा. 100 ग्रॅम ओल्या पानांची 20-25 ग्रॅम वाळलेली पानं मिळतात, तेव्हा डबा लहानच काढा.

वाळलेली पानं अख्खीच काचेच्या बरणीत, अंधारात ठेवा. पूड पंधरा दिवसांपुरतीच करा. मिक्सरचं लहान भांडं अगदी कोरडं हवं, थांबून थांबून फिरवा, झाकण लगेच उघडू नका. बारीक धूळ नाकात गेली की शिंका आणि घशात विचित्र गोडी, दोन्ही येतात. मग मलमलीतून वस्त्रगाळ करा. वर उरलेला चोथा फेकू नका, त्याचाच चहाला जास्त उपयोग आहे.

कारण खरं सांगायचं तर चहाला वस्त्रगाळ पूड लागतच नाही. ती न विरघळता गाळणीतून खाली उतरते, तुमचा गाळ तिथलाच. चहासाठी भरड हवी. चहाची पावडर घालतो त्याच वेळी नाही, दूध घालून एक उकळी आली की हातावर चुरलेली पानं टाका, गॅस बंद करा, दोन मिनिटं झाकण ठेवा आणि गाळा. फार उकळलंत तर गोडीबरोबर कडवटपणाही उतरतो. एका कपाला तीन-चार वाळलेली पानं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. त्याने एक चमचा साखरेइतकी गोडी येते. वाळलेलं पान साखरेच्या 10 ते 15 पट गोड असतं, पण रोपारोपांत फरक असतो, म्हणून पहिल्या कपाला दोनच पानांनी सुरुवात करा. जास्त झालं की ते जास्त गोड लागत नाही, जास्त कडू लागतं. नवशिक्यांचा हात नेमका इथेच सैल सुटतो.

वस्त्रगाळ पूड चहा मसाल्यात घाला. 20 ग्रॅम स्टीव्हियाची पूड, 12 ग्रॅम सुंठ, 6 ग्रॅम वेलदोड्याचे दाणे, दोन-तीन लवंगा आणि दालचिनीचा एक तुकडा, सगळं एकत्र बारीक करा. अर्धा छोटा चमचा एका कपाला. सुंठेचा तिखटपणा आणि पानाचा तो मागून येणारा ज्येष्ठमधासारखा स्वाद एकमेकांना चांगले सांभाळून घेतात. तळाशी थोडा गाळ राहीलच, पण मसाल्याच्या चहात तो कुणी मोजत नाही. गवती चहाची एखादी पात उकळीत टाकलीत तर हिरवट वासही त्यात लपून जातो.

सरबतांसाठी मात्र पूड नको, अर्क करा. 10 ग्रॅम वाळलेली पानं, 200 मिलिलीटर पाणी. पाणी उकळून गॅस बंद करून मग पानं घाला आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. दुहेरी मलमलीतून गाळा, चोथा फार पिळू नका. तपकिरी रंगाचा अर्क मिळतो. त्याचे दोन छोटे चमचे साधारण एक चमचा साखरेचं काम करतात. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, जास्त झाला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. लिंबू सरबत, कोकम, पन्हं यांत हा छान लागतो, आंबटाने कडवटपणा बराच मागे सरतो. हाच अर्क आटवून त्याची पूड करता येईल का, असा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. आटवला की काळपट चिकट लगदा होतो, आणि तो वाळला तरी हवेतला ओलावा ओढून पुन्हा चिकटतो. गॅस जाळायची हौस असेल तरच करा.

दिवाळीच्या लाडवांचं उत्तर 'नाही' असंच आहे. लाडवात साखर गोडीसाठी जेवढी असते त्याहून जास्त ती बांधणीसाठी असते. रव्याच्या लाडवाचा एकतारी पाक, चिक्कीचा गूळ, मोरांब्याचा टिकाऊपणा, पुरणाला येणारा तो घट्ट ओलसरपणा ही सगळी साखर-गुळाच्या वस्तुमानाची कामं आहेत. चिमूटभर हिरवी पूड त्या जागी काय उभी राहणार? मोरांब्यात तर साखर काढली की आठ दिवसांत बुरशी. बेसनाचा लाडू तुपाने वळता येतो हे खरं, पण त्यात पिठीसाखरेऐवजी ही पूड घालून बघाल तर रंग आणि चव दोन्ही पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखे राहणार नाहीत. आणि लाडू बिनसाखरेचा झाला तरी बेसन आणि तूप आहेच की. सासूबाईंना दिवाळीत लिंबाएवढा एक खराखुरा लाडू जेवणानंतर द्या, त्या दिवशी भात कमी वाढा. 'शुगर फ्री' म्हणून चार खाण्यापेक्षा ते बरं. शेवयांची किंवा दुधीची खीर मात्र अर्ध्या साखरेत आणि अर्ध्या अर्कात चांगली होते, ती करून बघा.

आता सहा कुंड्यांचा हिशेब, जो रोपवाटिकावाले सहसा सांगत नाहीत. एका झाडापासून वर्षाला 25-30 ग्रॅम वाळलेली पानं मिळाली तर चांगली झाली म्हणायची. सहा कुंड्यांची मिळून 150 ते 180 ग्रॅम. रोज अर्धा ग्रॅम वापरलंत तर वर्ष सरतं, म्हणजे तुमची सगळी बाग दिवसाला एक चमचा साखरेची जागा घेते. सासूबाईंचे आहेत आठ चमचे! ते सगळे घरच्या पानांवर आणायचे तर गच्चीत पन्नासच्या आसपास कुंड्या लागतील. उसाच्या मुलखात राहून साखरेची गरज कुंडीतल्या झाडावर भागवायची म्हटलं की हे असं होतं. म्हणून स्टीव्हियाने साखर 'बदलण्याचा' विचार सोडा, साखर कमी करताना आधार म्हणून तिला धरा. पहिल्या आठवड्यात फक्त दुपारच्या चहात एक चमचा साखर आणि दोन-तीन पानं. त्यांच्यासमोर करा, पानं त्यांनाच चुरायला द्या. बाकीच्या कपांत साखर पाव-पाव चमच्याने, हळूहळू खाली आणा. जीभ काही आठवड्यांत कमी गोडाला सरावते. गोळ्यांचं प्रमाण त्या त्या टप्प्यावर डॉक्टर बघतील.

किती पानं चालतील, याला एक मोजमाप आहे. जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ समितीने 2008 मध्ये या द्रव्याची रोजची मर्यादा ठरवली, ती वजनाच्या दर किलोमागे 4 मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या, म्हणजे या गोड द्रव्याच्या रेणूतल्या मूळ गाभ्याच्या, हिशेबात. 60 किलो वजनाच्या माणसाला ती साधारण 600 मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइड, म्हणजे ढोबळमानाने 6 ग्रॅम वाळलेली पानं होते. मर्यादा शुद्ध द्रव्याची आहे, म्हणून पानांच्या बाबतीत मी त्याच्या पुष्कळ खालीच थांबेन. दिवसाला एक-दोन ग्रॅम, बस. घरात कुणाला गाजर गवताची ॲलर्जी असेल, म्हणजे त्या दिवसांत अंगावर पुरळ उठत असेल किंवा शिंकांनी हैराण होत असेल, तर त्यांनी आणखी जपून. नर्सरीत 'गोड तुळस' म्हणून विकत असले तरी या झाडाचं तुळशीशी नातं नाही. हे झेंडू, शेवंती आणि त्या गाजर गवताच्याच कुळातलं आहे.

नणंदबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण जुनं आहे. 1968 मध्ये उंदरांना या झाडाचा दाट काढा पाजून केलेल्या एका प्रयोगात गर्भधारणा कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं होतं, आणि पॅराग्वेतही तशी समजूत सांगितली जायची. नंतरच्या प्रयोगांत ते काही सिद्ध झालं नाही, आणि वरची मर्यादा ठरवताना प्रजननावरचे अभ्यासही तपासले गेले होते. तरी जाऊबाई गरोदर असतील किंवा त्या तयारीत असतील तर घरचं पान त्यांनी या काळात बाजूला ठेवावं. भीतीपोटी नाही. कच्च्या पानाचा फारसा अभ्यास नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही, म्हणून. मधुमेह नसलेल्या बाकीच्यांनी वजन उतरेल या आशेने हे घेण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडी आणणारी द्रव्यं वापरू नयेत असंच सुचवलंय, आणि त्यात स्टीव्हियाही आहे. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, म्हणजे सासूबाई त्यातून सुटल्या.

राहता राहिली झाडं. सहाही कुंड्यांतलं एकेक कोवळं पान एकाच सकाळी चाखा, मधे पाण्याने चूळ भरा. बियांपासून केलेली रोपं गोडीला सारखी निघत नाहीत, फरक तुम्हाला जिभेवर लगेच कळेल. सगळ्यात गोड आणि मागून कमी कडू लागणाऱ्या झाडाच्या, कळी नसलेल्या फांद्यांचे बोटभर लांबीचे छाट घ्या, खालची पानं काढा आणि वाळू-कोकोपीटमध्ये सावलीला लावा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका, या झाडाची मुळं वरवरची असतात आणि पटकन कुजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवा, तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा आणि मुसळधार पावसात ती पत्र्याखाली सरकवा. सहापैकी सगळ्यात कडू निघेल ती कुंडी सरळ मोकळी करा आणि तिच्यात गवती चहा लावा, चहात तो लागणारच आहे.